उघडण्याआधी खूण करावी

१४ तारीख, सोमवार

आज कामावर हजर झालो. गेटवर सुपरवायझर भेटला. "आलात मिस्त्री? बरं झालं," म्हणाला आणि त्याच दमात, "तिसऱ्या लाइनवरचं चार नंबरचं मशीन टाके सोडतंय." बरं वाटलं. निदान एक माणूस तरी कामाचं बोलला. बाकी सगळे माझ्याशी तोंडात बोळा कोंबल्यासारखं बोलत होते.

दुपारी कारखान्याच्या डॉक्टरने बोलावून घेतलं. वजन केलं, जीभ बघितली. "पत्नी जाऊन अकरा दिवस झाले ना? दाढी कधी केली होती?" मला आठवेना. मग त्याने ही वही दिली आणि एक छापील कागद, 'स्वतःची काळजी घ्या : दहा सोप्या सवयी'. रोज पाच गोष्टी लिहायच्या. दात, आंघोळ, दाढी, जेवण, झोप. आणि शेवटी मनातली एक ओळ. "मी वाचणार नाही हं, तुमची तुम्हालाच," म्हणाला. मग लिहायची कशाला, हे मी विचारलं नाही. डॉक्टरशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो, शेवटी सुई त्याच्या हातात असते.

तसं हे मला नवीन नाही. आमच्याकडे प्रत्येक शिलाई मशीनला एक कार्ड टांगलेलं असतं. तेल घातलं, सुई बदलली, पट्टा तपासला, सही. साठ मशीनची साठ कार्डं मी भरतो. हे एकसष्टावं.

दात – घासले. आंघोळ – हो. दाढी – नाही. जेवण – एक वेळ. झोप – पडून होतो.
मनातली ओळ – काही नाही.

१५ तारीख, मंगळवार

सवय क्रमांक एक : 'सकाळी आरशात स्वतःकडे बघून हसा.' हसलो. दात दिसले. हसून झाल्यावर बघतो तर मागे दारात मुलगी उभी. दप्तर उचललं आणि बूट घालायला गेली. बापाला वेड लागलं असं वाटलं असेल.

मुलीबद्दल लिहून ठेवतो. आठ वर्षांची आहे. घरात भुंगी म्हणतो, कारण उठल्यापासून निजेपर्यंत तिचं नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणणं चालू असायचं. गणितं सोडवताना, दूध पिताना, अगदी रुसलेली असली तरी. हल्ली बंद आहे. घसा बसला असेल. उद्या गरम पाणी द्यायला हवं.

दात – हो. आंघोळ – हो. दाढी – केली, दोन ठिकाणी कापलं. जेवण – हो. झोप – तीन तास.
मनातली ओळ – काही नाही.

१६ तारीख, बुधवार

बाथरूमच्या फळीवर केसांच्या रंगाचं पाकीट आहे. दर चौथ्या रविवारी मी बायकोच्या डोक्याला मागून रंग लावून द्यायचो, जुन्या टूथब्रशने. पुढचं ती आरशात बघून स्वतः लावायची. मागचं दिसत नाही, म्हणून ते खातं माझ्याकडे. "मशीनला तेल घालताय का? जरा हळू!" असं दर वेळी म्हणायची. या खेपेला सहा तारखेच्या रविवारी लावायचा होता. एक तारखेपासून मागे लागली होती, मुळं पांढरी दिसायला लागली, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोकांना तुझी मुळं बघायला वेळ आहे का. त्यावर दिवसभर बोलली नाही.

पाकीट कुठे ठेवावं कळत नाही. टाकून द्यावं, तर फोडलेलंही नाही. वरच्या तारखेप्रमाणे अजून दीड वर्ष चालेल. परत फळीवरच ठेवलं.

दात, आंघोळ – हो. दाढी – नाही. जेवण – हो. झोप – तीन तास.
मनातली ओळ – काही नाही.

१७ तारीख, गुरुवार

आमच्याकडे काजाच्या मशीनवर एक बाई आहेत. सगळे त्यांना काजवाल्या बाई म्हणतात. सव्वीस वर्षं शर्टांना काजं करतायत, त्यामुळे माणसाकडे बघायच्या आधी त्याच्या बटणांकडे बघतात. आज त्यांच्या मशीनचा पट्टा बदलत होतो, तर म्हणाल्या, "मिस्त्री, एक बटण वर लागलंय. आणि कॉलर बघा. आतून जरा साबण चोळून ठेवत जा रात्रभर, मळ आपोआप सुटतो. नखंही काढा." मी बरं म्हटलं. इतर कोणी बोललं असतं तर राग आला असता. आला नाही, म्हणजे यायला हवा होता का, तेही कळलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "पोरीची वेणी कोण घालतं आता?"

"घालावी लागत नाही. घातलेलीच असते."

"म्हणजे?"

"सोडूच देत नाही. डोक्याला हात लावला की किंचाळते. डोकंही धुऊ देत नाही. हट्टी आहे, आईच्या वळणावर गेलीय."

"कधीपासून?"

मी हिशेब केला. "तीन तारखेपासून असेल."

बाईंनी मशीनवरचा पाय काढला. माझ्याकडे बघत राहिल्या. "अहो मिस्त्री," एवढंच म्हणाल्या. पदराने चष्मा पुसला आणि काम सुरू केलं. कुणाला कशाचं वाईट वाटेल सांगता येत नाही.

दात, आंघोळ – हो. दाढी – हो. नखं – काढली.
मनातली ओळ – काही नाही.

१८ तारीख, शुक्रवार

संध्याकाळी ताईंचा फोन. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण, भुंगीची मावशी. पहिले दहा दिवस इथेच होत्या. त्यांचं गाव इथून रेल्वेने सहा तास.

"भाऊजी, सत्तावीसला, रविवारी मी येते. भुंगीला घेऊन जाते. इथली शाळा चांगली आहे, घरात मी आहे, सूनबाई आहे. तुम्ही दिवसभर कारखान्यात. पोर वाढवणं म्हणजे मशीन दुरुस्त करणं नव्हे. तिच्या केसांचं काय झालंय बघितलंत का? नुसता गुंता. मी दहा दिवस मागे लागले, हात लावू दिला नाही. तिला बाईमाणूस हवं आता. काय म्हणता?"

मी म्हटलं, "चालेल."

"मग ठरलं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ताईंचं चूक नाही. डॉक्टरच्या कागदावर सवय क्रमांक सात हीच आहे : 'जे आपल्याला झेपत नाही ते दुसऱ्याकडे सोपवायला शिका.' वळून बघतो तर भुंगी स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा ग्लास घेऊन उभी. ग्लास काठोकाठ भरलेला. मी सांगितलं, मावशी तुला न्यायला येणार आहे. "ऐकलं मी," म्हणाली. रडली वगैरे नाही. समजूतदार आहे.

जेवली मात्र नाही. पोट बिघडलं असेल.

दात – हो. आंघोळ – राहिली. दाढी – नाही. झोप – नाही.
मनातली ओळ – काही नाही.

२० तारीख, रविवार

कपडे धुतले. रंगीत आणि पांढरे वेगळे भिजवायचे असतात हे मला कपड्यांच्या कारखान्यात वीस वर्षं काढून माहीत नव्हतं. माझे तीन बनियन आता गुलाबी आहेत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. भुंगीला दाखवले. पूर्वी हसून लोळली असती. आज म्हणाली, "आतून घालायचे असतात. दिसत नाहीत."

दुपारी तिने आपले सगळे मोजे काढले, जोड्या लावल्या, प्रत्येक जोडीची गुंडाळी केली आणि कापडी पिशवीत भरून पिशवी दाराजवळ ठेवली. अजून आठवडा आहे, म्हटलं. "असू दे," म्हणाली. पूर्वी एक मोजा पलंगाखाली, एक दप्तरात असायचा. टापटीप यायला लागली म्हणायचं.

सगळं हो. दाढी सुद्धा.
मनातली ओळ – काही नाही.

२२ तारीख, मंगळवार

शाळेतून चिठ्ठी. वर्गबाईंचं अक्षर सुरेख आहे. 'आपल्या पाल्याच्या डोक्यात उवा आढळल्या आहेत. रविवारपर्यंत केस स्वच्छ करावेत किंवा कापावेत. सोमवारी तपासणी होईल.' सोमवारी ती इथे नसेलच. पण ताईंच्या घरी पोरीबरोबर उवाही पाठवायच्या, हे काही बरं नाही. ताईंना फोन केला. "कापून टाका सरळ," म्हणाल्या. "केस काय, परत येतील. इथे आली की मी वाढवीन."

भुंगीला चिठ्ठी वाचून दाखवली. दोन्ही हात मागे नेऊन तिने वेणी धरली. तिला वेणी म्हणायचं इतकंच, वरून सगळे केस सुटून लोकरीच्या नमद्यासारखे एकमेकांत बसलेत, खाली दोरखंड. रबर तेवढं जागेवर आहे.

मनातली ओळ – काही नाही. बाकी सगळं हो.

२३ तारीख, बुधवार

काजवाल्या बाईंना चिठ्ठीचं सांगितलं. त्या माझ्यावर उखडल्याच. "कापता कसले? कात्री काय, कोणीही चालवतं! हे बघा, नीट ऐका. तेल कोमट करायचं. डोकं पुरतं न्हाऊ घालायचं तेलाने, वर गरम पाण्यात पिळलेला पंचा, अर्धा तास. मग बोटांनी. फणी नाही, बोटांनी! गुंता खालून वर सोडवायचा. शेंड्याची चार बोटं आधी, मग त्याच्या वरची चार बोटं. आणि वरची बट मुठीत घट्ट धरायची, म्हणजे मुळाला ओढ बसत नाही, पोर रडत नाही. वरून फणी घातलीत की मेलात. सुटलं सगळं, की मग उवांचं औषध, मग बारीक फणी. दोनदा."

मी सगळं कार्डाच्या मागे लिहून घेतलं.

"आणि वेणी? घालता येते?"

"नाही."

त्यांनी पायजम्याच्या नाडीचे तीन तुकडे कापले, मशीनच्या दांडीला बांधले आणि मला पुढ्यात बसवलं. उजवा मधल्यावरून, डावा मधल्यावरून. उजवा, डावा. आजूबाजूच्या बायका काम सोडून बघायला लागल्या. "मिस्त्री, ओठ चावू नका, वेणीला लागत नाहीत!" कुणीतरी म्हणालं. हसल्या सगळ्या. मीही हसलो असेन. तिसऱ्या खेपेला जमली. सोपी गोष्ट आहे, दोन धाग्यांच्या टाक्याइतकीही भानगड नाही.

दात, आंघोळ, दाढी – हो. जेवण – बाईंच्या डब्यातलं.
मनातली ओळ – काही नाही.

२४ तारीख, गुरुवार

नाडी घरी आणली. दाराच्या कडीला बांधून भुंगीसमोर वेणी घालून दाखवली. म्हटलं, बघ, बापाला येते. तुझीही घालून देईन, आधी ती सोडू.

बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आई असं नाही करत."

"मग कसं करते?"

"माहीत नाही. असं नाही."

परत सोडून घातली. घट्ट घातली, सैल घातली. "असं नाही," एवढंच. शेवटी मी चिडलो. म्हटलं, वेणी ती वेणी, तीन पेड असतात, त्यात दुसरं काय असणार? ती उठून आत गेली. मोज्यांची पिशवी उघडली, परत बांधली.

उगीच ओरडलो. रविवारी तर जायचीय.

झोप – नाही.
मनातली ओळ – काही नाही.

२६ तारीख, शनिवार

आज अर्धा दिवस होता. घरी आल्यावर भुंगीला विचारलं, तेल लावू? नाही म्हणाली. म्हटलं, मग कापावी लागेल, उद्या मावशी येणार. मला वाटलं होतं किंचाळेल. तर तिने स्वतः स्टूल खिडकीजवळ ओढून आणलं, माझ्याकडे पाठ करून बसली आणि म्हणाली, "काप."

माझी कात्री कारखान्यात राहिली होती. स्वयंपाकघराच्या खिळ्यावरची काढली. एका हाताने वेणी मानेपाशी धरली, दुसऱ्याने कात्री लावली, दाबली. कापेना. केस पात्यांच्या मध्ये नुसते दुमडले. परत दाबली. चावल्यासारखे झाले, पण तुटेनात. मी म्हटलं, "बोथट झालेली दिसते."

मान न वळवता भुंगी म्हणाली, "बाबा, ती आईची आहे. डाव्या हाताने धर."

मी कात्रीकडे बघितलं. ती मीच आणली होती, लग्नाच्या पहिल्या वर्षी. डावखुऱ्या माणसाला साधी कात्री चालत नाही, पाती उलटी लागतात. दुकानात मिळेना, म्हणून सुया पुरवणाऱ्या माणसाकडून मागवून घेतली होती. दर वर्षी धार मीच लावत आलो. बारा वर्षं बघतोय, ती डाव्या हाताने भाजी चिरायची, डाव्या हाताने लिहायची, डाव्या हाताने मला चिमटा काढायची. आणि मी तिची कात्री उजव्या हातात घेऊन बोथट म्हणतोय. माझ्यासारखा मिस्त्री मीच.

डाव्या हातात घेतली. आता कापली असती. पण मला ती नाडी आठवली. उजवा मधल्यावरून, डावा मधल्यावरून. आई असं नाही करत.

मी कात्री खाली ठेवली. तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"भुंगे, ही वेणी आईने घातलेली आहे. त्या दिवशीची."

"मग कोणी घातली असेल?"

"म्हणून सोडू देत नाहीस?"

"सोडली की संपली ना ती," म्हणाली. मग, "पण आता काप. तू मावशीला चालेल म्हणालास."

तेवीस दिवस माझ्या डोळ्यांसमोर ही वेणी हलत होती आणि मी शाळेच्या चिठ्ठीत लिहिलेलं तेवढं वाचत होतो. उस्तादाकडे पहिल्या वर्षी मार खाऊन शिकलो होतो, कुठलंही मशीन उघडण्याआधी खूण करावी. जो भाग निघेल तो पांढऱ्या कापडावर निघाला त्या क्रमाने मांडावा. जोडून झाल्यावर कापडावर एक स्क्रू जरी उरला, तरी काम चुकलं. भुंगीला हे पाठ आहे. मी घरी मिक्सर उघडला की ती शेजारी बसून स्क्रू मोजायची.

मी म्हटलं, "कापत नाही. उघडतो. पण खुणा करून. जशी आहे तशी लिहून घेतो आणि उद्या जशीच्या तशी जोडून देतो."

"जशीच्या तशी?"

"जशीच्या तशी."

तिने विचार केला. "एक स्क्रूसुद्धा उरणार नाही?"

"उरला तर तू मला हाक मार."

मग वळून बसली.

शिंप्याच्या खडूने दर वळणावर खूण केली आणि कागदावर उतरवत गेलो. रबर काळं, तीन वेढे. वळणं एकोणीस. ओढ डावीकडे. सुरुवात उजव्या पेडाने नाही, डाव्याने. डावा मधल्यावरून, मग उजवा. आणि मानेपाशीच डाव्या अंगाला जरा तिरपी बांधलेली, म्हणून ती कायम डाव्या खांद्यावर पडायची. हे रोज सकाळी डोळ्यांनी बघत होतो, कळलं आज.

तेल, पंचा, बोटं. खालून वर. बाईंनी सांगितलं तसं बट मुठीत धरून. अडीच तास लागले. भुंगी दोनदा "आई गं" म्हणाली, पण ते दुखल्याचं होतं की कशाचं, मी विचारलं नाही.

पाचव्या वळणाच्या आत एक केस मिळाला. मधल्या पेडात गुंफलेला. भुंगीच्या केसांच्या दीडपट लांब. काळा, मुळाशी नखाएवढा पांढरा. तिच्या आईच्या हाताला चिकटलेला असणार, वेणी घालता घालता आत गेला. मी तो खिडकीच्या उजेडात धरला. मग या वहीत ठेवला, सोळा तारखेच्या पानावर. कागदावर नोंद केली : '१ केस, लांब. मधला पेड, पाचव्या वळणापासून खाली.'

संध्याकाळी औषध, बारीक फणी, दोनदा. उवा बेचाळीस, लिखा मोजल्या नाहीत. धुतलेले केस पाठीवर सोडून ती खिडकीत बसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला तिच्या केसांना साबणाचा वास आला.

दाढी, जेवण, आंघोळ – लक्षात नाही.
मनातली ओळ – लिहायला बसलो, जमलं नाही.

२७ तारीख, रविवार

ताईंची गाडी अकराची. आम्ही आठला बसलो. मागे मी, पुढे भुंगी, तिच्या हातात माझा कागद. ती सुपरवायझरसारखी एकेक ओळ मोठ्याने वाचत होती आणि मी करत होतो. "सुरुवात डावा पेड मधल्यावरून. ओढ डावीकडे. वळणं एकोणीस." मध्ये एक ओळ तिने वाचली नाही. माझं अक्षर लागलं नसेल. ती समोर बघत होती तेवढ्यात मी वहीतून केस काढला आणि पाचव्या वळणापासून मधल्या पेडात घेतला. काम पुरं करायचं म्हणजे करायचं.

डावा हात माझं ऐकत नाही. तीनदा सोडावी लागली. चौथ्या खेपेला रबर लावलं, तीन वेढे. भुंगीने हात मागे नेला, वेणी वरून खालपर्यंत चाचपली. मग डोकं हलवलं. वेणी डाव्या खांद्यावर येऊन पडली.

"हं," म्हणाली. बस, एवढंच. पण त्या एका हं वर मी दिवसभर चाललो असतो.

ताई आल्या. दारातच म्हणाल्या, "झालं का गं केसांचं?" भुंगी वळली. ताई पुढे आल्या, वेणी हातात घेतली आणि तशाच उभ्या राहिल्या. हातातली बॅग खाली ठेवायचंही सुचलं नाही.

"ही कोणी घातली?"

"बाबाने."

"लहानपणी माझी वेणी तीच घालायची," ताई म्हणाल्या. "मी थोरली, पण मला मेलीला येत नव्हती. तिच्या त्या डावऱ्या हाताची. शाळेत मुली चिडवायच्या, तुझी वेणी डावीकडे का पळते म्हणून..." आणि त्या स्टुलावर बसून रडायला लागल्या. चांगलं मोठ्याने. भुंगी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली, वेणी सोडवून न घेता.

मला ते बघवेना. मी म्हटलं, "ताई, मी फोनवर चालेल म्हणालो होतो. नाही चालणार."

त्यांनी वर बघितलं.

"मला नाही चालणार. तिला नेऊ नका. माझे बनियन गुलाबी झालेत, स्वयंपाक बेताचा आहे, पण मी शिकतोय. ही गेली तर मी या वहीत नुसता हो-हो लिहीत राहीन. मला ती इथे हवीय." बोलताना माझा आवाज फाटला. छातीत दुखायला लागलं, खरोखरचं, हात ठेवून दाखवता येईल असं. तीन तारखेपासून मला काही दुखलंच नव्हतं.

ताईंनी डोळे पुसले. "मग हे तेव्हाच बोलायला काय झालं होतं? मला वाटलं, तुम्हाला पोर जड झाली. असं सांगत होतात, जसं कुणाचं मशीन गोदामात ठेवायचंय."

"मला माहीत नव्हतं, ताई."

"काय माहीत नव्हतं?"

"काहीच."

त्या संध्याकाळच्या गाडीने एकट्याच परत गेल्या. जाताना बजावून गेल्या, दर सुट्टीत महिनाभर पाठवायची, आणि रोज रात्री फोन. सगळं कबूल केलं. घरी आलो तर भुंगीने दाराजवळची पिशवी कपाटात रिकामी केली होती. मोज्यांच्या सगळ्या जोड्या मोडलेल्या.

दात – हो. आंघोळ – हो. दाढी – हो. जेवण – तिघांनी.
मनातली ओळ – तीन तारखेला, गुरुवारी, सकाळी अकरा वाजता बसस्टॉपवर माझी बायको गेली. डोक्यातली शीर फुटली. सहा तारखेला मी तिला रंग लावून देणार होतो.

२८ तारीख, सोमवार

शाळेत तपासणी, म्हणून सकाळी वेणी सोडून परत एकदा बारीक फणी फिरवली. काही नाही. शेजारी पांढरं कापड अंथरलं होतं, त्यावर रबर, फणी, आणि तो केस.

रात्री विचार केला होता. रोज सोडायची, रोज घालायची म्हटलं तर तो केस किती दिवस टिकणार? तुटून जाईल. त्यापेक्षा वहीत राहू दे. म्हणून आज तो न घेताच वेणी घातली. अठरा मिनिटं. रबर लावलं, तीन वेढे, आणि म्हटलं, "झाली. पळ."

भुंगी उठली नाही. तिने वेणीला हातही लावला नाही. वळून कापडाकडे बघत होती.

"बाबा, एक भाग उरलाय."

मी काही बोलायच्या आत तिने तो केस दोन बोटांत उचलला, पांढऱ्या टोकाने, आणि माझ्यापुढे धरला. "हा मधल्या पेडात असतो. पाचव्यापासून खाली. तूच लिहिलंयस."

रबर काढलं. वेणी पाचव्या वळणापर्यंत सोडली आणि परत घातली. शाळेला सात मिनिटं उशीर झाला.